जानेवारीतल्या गैरहजेऱ्या : ऊसतोड कुटुंबातल्या एका मुलाचं प्रकरण

या प्रकरणातली नावं आणि गावखुणा बदलल्या आहेत. ओळख पटू नये म्हणून एक-दोन ठिकाणी दुसऱ्या कुटुंबातले प्रसंगही मिसळले आहेत. मुलाला इथे किरण म्हटलं आहे. मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांबरोबर काम करते. त्या वर्षी एका माध्यमिक शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी समुपदेशक म्हणून बसत होते.

पार्श्वभूमी

दसरा उरकला की बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक दारात लागतो, त्यात संसार चढतो आणि नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतो, तो एप्रिलपर्यंत. मागे उरतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेत जाणारी मुलं. किरणचे आई-वडील त्याच्या जन्माआधीपासून कोयत्यावर जातात. २०२३ च्या हंगामासाठी त्यांनी सव्वा लाख उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली होती, आणि त्यातला मोठा भाग आदल्या वर्षीच्या न फिटलेल्या हिशेबातच वळता झाला होता.

नऊ वर्षांचा होईपर्यंत किरण त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर जायचा. सहा महिने फडाजवळच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, सहा महिने गावच्या शाळेत. वाचनात चांगला. गणित कायम कच्चं, कारण वर्गात भागाकार शिकवला जायचा तेव्हा तो उसात असायचा. वडील गावात बेताने पितात, फडावर रोज. प्यायले की आईवर हात उचलतात, आणि मध्ये पडला तर किरणवरही. हे त्याने मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं, पावसापाण्याबद्दल सांगावं तसं.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर त्याला फडावर नेणं बंद झालं. तो आजीजवळ राहू लागला. शाळेच्या कागदावर याचं कारण 'शिक्षणासाठी' असं आहे.

सातवीत गुटखा सुरू झाला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. त्या गावात पुडी मागताना आवाज थोडा खाली घ्यावा लागतो, इतकाच तिचा परिणाम. आठवीच्या उन्हाळ्यात तो फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात कामाला लागला, रोजचे ऐंशी रुपये. ट्यूबला ठिगळ लावायचं सोल्युशन त्याच्या हाताशी असायचं. आधी वास आवडला, मग रुमालावर घ्यायला लागला. नववीत आला तेव्हा दिवसाला एक ट्यूब संपत होती.

प्रश्न समोर कसा आला

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यात पीटीच्या सरांना किरण पाण्याच्या टाकीमागे सापडला. तोंडावर रुमाल, डोळे लाल. सर ओरडले, तो पळाला, सर मागे धावले. मैदान ओलांडताना तो पडला आणि काही क्षण हललाच नाही. नंतर उठला, उलटी केली, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकून रागवायला सुरुवात केली.

तो त्या दिवशी थोडक्यात वाचला, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. रबराच्या सोल्युशनमध्ये टोल्यूइनसारखे द्रावक असतात. ते हुंगल्यावर हृदय इतकं हळवं होतं की अचानक धसका बसला किंवा जीव घेऊन पळावं लागलं तर ठोक्यांची लय तुटून जागीच मृत्यू येऊ शकतो. पहिल्यांदाच हुंगणाऱ्यालाही. म्हणून नशेत असलेल्या मुलावर ओरडायचं नाही, त्याचा पाठलाग करायचा नाही. हलक्या आवाजात बोलायचं, मोकळ्या हवेत बसवायचं आणि नशा उतरेपर्यंत जवळ थांबायचं. मला हे माहीत होतं. त्या शाळेत मी जूनपासून जात होते, तरी शिक्षकांना हे सांगावं असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. गुटखा आणि दारू यांपलीकडे त्या शाळेत काही असेल असं मी धरलंच नव्हतं.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात एक गोष्ट स्पष्ट होती. बाकी सगळ्या नशा मोठ्यांमध्ये जास्त, हुंगायच्या पदार्थांची मात्र मुलांमध्ये जास्त : १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांमध्ये ०.५८. हा अहवाल माझ्या लॅपटॉपवर होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. मुख्याध्यापक, पीटीचे सर, वर्गशिक्षिका, किरणचे चुलते आणि मी. किरणला बाहेर बाकावर बसवलं होतं. त्याच्या ओठांभोवती पुरळ होतं, शर्टाला वास होता. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हा वास मला ऑगस्टपासून येतोय. दुकानात काम करतो, तिथला असेल असं वाटलं." आजीलाही तसंच वाटलं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय टेबलावर तयारच होता. "दाखला हातात देऊ, बाकीची पोरं बिघडायला नकोत." शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. किरण नववीत होता, म्हणजे ते छत्र नेमकं काही महिन्यांपूर्वी डोक्यावरून गेलं होतं. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांचंही तेच, ती मुख्यतः आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. चौदा-पंधरा वर्षं हे वय सगळ्यात निसरडं, आणि आपल्या बहुतेक योजना नेमक्या त्याच पायरीवर संपतात. यावर मी कितीही तावातावाने बोलू शकते, पण त्या खोलीत त्याचा उपयोग नव्हता. मी मुख्याध्यापकांना एवढंच विचारलं, "दाखला दिला तर उद्या सकाळी दहा वाजता तो कुठे असेल?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पंक्चरच्या दुकानात.

दुसरा पर्याय चुलत्यांचा. त्यांच्या ओळखीचं एक खासगी व्यसनमुक्ती केंद्र होतं, तीन महिने, भेटीगाठी बंद. मी फोन केला. मोठ्या माणसांबरोबर एकाच हॉलमध्ये ठेवतात असं कळलं, आणि मुलांचं वेगळं काही आहे का या प्रश्नावर "सगळ्यांना सारखंच" असं उत्तर आलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करणं हा अपवाद आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासलं पाहिजे, मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवलं पाहिजे आणि पालक किंवा सोबतीचं माणूस पूर्ण काळ बरोबर राहिलं पाहिजे. हे चुलत्यांना सांगितलं तेव्हा ते वैतागून म्हणाले, "मॅडम, मग तुम्हीच सांगा, कुठं न्यावं?" त्यांचा वैताग रास्त होता. तालुक्यात तशी जागाच नाही.

आजीला वाटत होतं, त्याला आई-बापाकडे कारखान्यावर धाडावं. "माईजवळ राहिलं की लेकरू सुधारतंय." मलाही क्षणभर ते पटलं. आज त्या क्षणाची आठवण आली की अंगावर काटा येतो. का, ते पुढे येईल.

बालकल्याण समितीकडे नेण्याचाही विचार झाला. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल या व्याख्येत तो बसत होता. पण समितीपुढे नेलं असतं तर बहुधा जिल्ह्याच्या गावी बालगृह, म्हणजे आजी आणि शाळा दोन्ही तुटणार. तो दरवाजा उघडा ठेवायचा, आज त्यातून जायचं नाही, असं मी ठरवलं. दुकानदारावर पोलिसांत जावं असं पीटीचे सर म्हणत होते. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात मुलाला दारू, तंबाखू, अंमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पंक्चरचं सोल्युशन त्या यादीत कुठे बसत नाही.

लघवीची चाचणी करून घ्या, हीसुद्धा सूचना आली. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या किटमध्ये द्रावक दिसत नाहीत. चाचणी निर्मळ आली असती आणि चुलत्यांनी पोराला घरी नेलं असतं.

उरला तो पर्याय दिसायला सगळ्यात ढिला होता : मुलाने घरी राहायचं, शाळेत यायचं, जिल्हा रुग्णालयात दाखवायचं, आणि आम्ही चौघा-पाचजणांनी लक्ष ठेवायचं. मुख्याध्यापकांनी मार्चअखेरपर्यंतची मुदत दिली. लेखी नको म्हणाले.

काय केलं : पहिले दोन महिने

पंक्चरच्या दुकानदाराशी मी आणि वर्गशिक्षिका बोललो. त्याने आधी हात झटकले, मग म्हणाला, "ट्यूबा कमी पडतात हे मला कळत होतं, म्हटलं पोरगं विकत असंल." किरणचं काम बंद झालं. त्याबरोबर आजीच्या घरात येणारे ऐंशी रुपयेही बंद झाले. तेलमिठाचा खर्च त्यातून निघत होता हे मला आठवडाभराने, आजीच्या बोलण्यातून कळलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी किरणला अंथरुणातून उठताच येईना. पायांत ताकदच नाही. आजीने लिंबू उतरून टाकलं, मग शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मध्ये धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं. "पोराला बाहेरचं लागलंय मॅडम, मपल्या डोळ्यांनी बघितलं, पाय निस्ते लटकत होते." तिथल्या तरुण डॉक्टरने एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कोणाला सुचला नसता : हा काम कुठे करायचा? टोल्यूइन बराच काळ शरीरात जात राहिलं तर मूत्रपिंडाच्या नलिका बिघडतात, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं आणि स्नायू ढिले पडतात. रक्तात पोटॅशियम फारच कमी निघालं. जिल्हा रुग्णालयात चार दिवस राहून तो चालत घरी आला.

पाय गेले आणि परत आले. माझ्या कोणत्याही तक्त्यापेक्षा किरणवर याचा परिणाम जास्त झाला असं मला वाटलं. मी त्याला मेंदू, फुप्फुसं, मूत्रपिंड अशी चित्रं दाखवत होते, तो मान हलवत होता. जानेवारी उजाडला आणि तो पुन्हा शाळेतून गायब झाला. पाण्याच्या टाकीऐवजी आता ओढ्यात.

याच काळात मी त्याचा बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा फॉर्मही भरला होता. हे दहा प्रश्न अमेरिकेतून आले आहेत. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये सॅन दिएगोतल्या हजारो प्रौढांचा जो अभ्यास मांडला, त्यातून ते घडले. चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये दारू, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला होता. किरणचे गुण आले तीन. बापाचं पिणं, आईला मार, स्वतःला मार. तीन म्हणजे 'मध्यम' असं मी फाइलीत लिहिलं. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. अँडा यांनी स्वतः २०२० मध्ये बजावलं की हे गुण लोकसमूहांचा अंदाज घ्यायला आहेत, एकेका माणसाचं भविष्य ठरवायला नाहीत. तो इशारा मी वाचला तो हे प्रकरण झाल्यानंतर. पण इशारा न वाचताही एक गोष्ट दिसायला हवी होती. त्या दहा प्रश्नांत आई-बाप सहा महिने नसणं नाही, उचल नाही, आणि भावंडाचा मृत्यूही नाही.

कॅटलॉग

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वर्गशिक्षिका हजेरीची बेरीज करत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, याच्या हजेरीचे मागचे कॅटलॉग आहेत का? आठवीचा तिथेच होता. पाचवी ते सातवीचे कपाटाच्या तळातून निघाले, एकाला वाळवी लागलेली. आम्ही दोघींनी बोटाने रकाने मोजले.

कोविडमध्ये शाळा बंद होती ते महिने सोडले तर दर वर्षी एकच आकार दिसत होता. ट्रक गेल्यानंतरच्या आठवड्यात चार-पाच दिवस गैरहजर. मग डिसेंबरभर बरी हजेरी. आणि संक्रांत झाली की सलग आठ-दहा दिवस गैरहजर, दर वर्षी, जवळपास त्याच तारखांना. सोल्युशन त्याच्या आयुष्यात यायच्या कितीतरी आधीपासून.

त्या दुपारी मी आजीकडे गेले. ती सुपात ज्वारी पाखडत होती. "आज्जी, संक्रांतीनंतर काय होतं?" तिचं सूप थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आणि पाखडता पाखडताच तिने सांगितलं.

किरणला एक बहीण होती, राणी, अडीच वर्षांची. २०१८ ची संक्रांत होऊन आठवडा झाला होता. आई-वडील पहाटे चारला फडात गेले आणि राणीला किरणजवळ कोपीत ठेवलं. तो नऊ वर्षांचा. त्याचा डोळा लागला. राणी उठून बाहेर गेली. ऊस भरायला आलेला ट्रॅक्टर ट्रॉली मागे घेत होता.

आईने तिला मांडीवर घेऊन किरणकडे पाहून हंबरडा फोडला, "तुला बघाया ठेवलं होतं ना रं!" नंतर त्या घरात हा विषय कधी निघाला नाही. पुढच्या हंगामापासून किरण आजीजवळ. आई त्याला फडावर न्यायला धजावली नाही. किरणने त्याचा अर्थ वेगळा लावला : आता आपल्यावर कोणाचा भरवसा नाही.

आजीच्या आग्रहाने आम्ही याच मुलाला नोव्हेंबरात कारखान्यावर, कोप्यांत, ट्रॅक्टरांच्या आवाजात धाडणार होतो.

माझं तुटलेलं वचन

इथला निर्णय मला अजून छळतो. आजीने सांगितलेलं त्याला कळू द्यायचं का? तो स्वतःहून बोलेपर्यंत थांबायचं, असं शिकवलेलं असतं. पण तो सहा वर्षं थांबलाच होता. जिल्हा रुग्णालयातल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना मी फोन केला, कारण आघातावर काम करायचं पद्धतशीर प्रशिक्षण माझ्याकडे नव्हतं. त्या म्हणाल्या, लपवू नका, पण प्रश्नही विचारू नका. म्हणून मी एवढंच म्हणाले, "किरण, राणीबद्दल आज्जी माझ्याशी बोलली. तुला बोलायचं नसेल तर नको. मला हे माहीत आहे, एवढंच तुला माहीत असावं."

तो बराच वेळ खिडकीतून मैदानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सोल्युशन घेतलं की ट्रॅक्टरचा आवाज बंद होतो."

दोन महिने मी त्याला मूत्रपिंडाची चित्रं दाखवत होते.

पुढच्या भेटीत, जगून काय करायचं असं वाटतं, असं तो म्हणाला. मी सरळ विचारलं. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार घातला जातो हा गैरसमज आहे. विचार होता, आणि घरात फवारणीची औषधं कुठे असतात हेही त्याला ठाऊक होतं. आता मला आजीला सांगणं भाग होतं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या भेटीत, त्याने बोलावं म्हणून, मी अगदी सहज म्हणून गेले होते, "इथं बोललेलं इथंच राहील." त्याला ते शब्दशः आठवत होतं. मी कारण सांगितलं, तो म्हणाला, "मग तुम्ही बी तसल्याच."

त्याच संध्याकाळी औषधांचे डबे शेजारच्या घरी कुलपात गेले. आजीने त्याची गोधडी आपल्या शेजारी ओढली. चुलत्यांच्या आणि आजीच्या फोनमध्ये टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घातला. दोन दिवसांनी आम्ही जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांसमोर होतो. निदान नैराश्य आणि आघातोत्तर ताण. नैराश्याची गोळी सुरू झाली. सुरुवातीच्या आठवड्यांत या गोळ्यांवर असलेल्या किशोरांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून दर आठवड्याला बोलावलं, आणि गोळ्या आजीच्या कनवटीला. सोल्युशन सोडवणारं औषध अस्तित्वात नाही, हे डॉक्टरांनी चुलत्यांना स्पष्ट सांगितलं. चुलते इंजेक्शनच्या आशेने आले होते.

किरण तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मंगळवार-शुक्रवार मी खोलीत बसायचे, तो समोरून जायचा. त्या काळात त्याला धरून ठेवलं ते पीटीच्या सरांनी. नोव्हेंबरात आपण काय करून बसलो असतो हे कळल्यावर ते हादरले होते. ते त्याला रोज शाळा सुटल्यावर खो-खोच्या मैदानाची फक्की मारायला थांबवत. काही विचारत नसत. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी तो माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कोणतं सांगणार आन् कोणतं नाही, ते आधी सांगा."

ते आम्ही एका कागदावर लिहिलं. त्यानेच लिहिलं, त्याच्या अक्षरात.

आई

मानसशास्त्रज्ञांच्या पंधरवड्याच्या फोनवर आधारून माझं काम पुढे सरकलं. आवाज डोक्यात सुरू झाला की पायाखालची जमीन, हातातली वस्तू, समोरचे रंग यांवर लक्ष आणायचं. झोपेची वेळ. राणीबद्दल आधी मृत्यूचा दिवस सोडून बाकी सगळं : ती काय खायची, कशाला हसायची. यात नाट्यमय असं काही नव्हतं आणि बऱ्याच भेटी कंटाळवाण्या होत्या.

आई एप्रिलअखेर परतली. मे महिन्यात ओट्यावर बसून आजी, आई, किरण आणि मी बोललो. वडील थोडं ऐकून उठून गेले. किरणने आईला तिचं ते वाक्य ऐकवलं, तिच्याच स्वरात, एकही शब्द न चुकता.

आई गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिली. "मी असं बोलले? मला त्या दिवसाचं काही आठवत नाही रे. मला तर वाटतंय मीच तिला ठेवून गेले." ती रडली नाही, किरणही नाही. आजी मात्र आत जाऊन चुलीपुढे बसली.

निष्पत्ती

नववीची परीक्षा त्याने काठावर पास केली. मुख्याध्यापकांनी मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मला माहीत असलेलं एकदाच सोल्युशन घेतलं गेलं. गुटखा कमी झाला, बंद नाही. पोटॅशियम ठीक. वडिलांच्या दारूबाबत आम्हाला काहीही करता आलं नाही. त्यांच्यापर्यंत मी नीट पोचलेच नाही. त्यांचीही मुलगी गेली होती, हे वाक्य माझ्या नोंदींमध्ये पहिल्यांदा सप्टेंबर २०२४ मध्ये येतं.

खरी परीक्षा पुढच्या हंगामाची होती. आईने थांबायचं ठरवलं, पण ती थांबली तर नवरा 'अर्धा कोयता' होतो आणि उचलीची निम्मी रक्कम परत करावी लागते. ती तर छपराच्या पत्र्यांत गेली होती. पर्याय फिरून फिरून एकाच जागी यायचे. शेवटी असं ठरलं : आई जाईल, रोज रात्री आठला फोन करेल, आणि संक्रांतीनंतरचा आठवडा घरी येईल. मुकादमाशी बोलायला चुलते आणि मी गेलो. तो माणुसकीने वागला असं म्हणता येणार नाही, त्याने एवढंच सांगितलं की आठ दिवसांचे खाडे लागतील, दिवसाला पाचशे. आई म्हणाली, लागू द्या.

त्या वर्षी विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, त्यामुळे ट्रक मतदानानंतर लागला. ट्रक गेला त्या रात्री किरणने पुन्हा ट्यूब घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानेच येऊन सांगितलं.

जानेवारी २०२५ मध्ये आई आली. राणीच्या तिथीला आजीने तिला आवडायची म्हणून गुळाची पोळी केली. वर्गशिक्षिकांनी फेब्रुवारीत मला कॅटलॉग दाखवला : संक्रांतीनंतर दोन दिवस गैरहजर, आणि त्यातला एक रविवारला लागून. दहावीचे सगळे पेपर त्याने दिले.

आज वेगळं काय करेन

पहिल्या भेटीत गुप्ततेचं वचन मी आता देत नाही. जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, कोणाला सांगायचं ते आपण दोघं ठरवू, असं म्हणते. काही मुलं त्यामुळे पहिल्या भेटीत कमी बोलतात. ते मला चालतं.

मुलाचं काम बंद करायच्या आधी त्या पैशांतून घरात काय येतं हे विचारेन. बापाशी बोलायला मे उजाडू देणार नाही, तो मुक्कामी असतो तेव्हाच, सकाळी, शुद्धीत असताना गाठेन. नशेतल्या मुलामागे धावायचं नाही, हे आता जूनच्या पहिल्या शिक्षक बैठकीत सांगते.

समितीकडे न नेण्याचा निर्णय बरोबर होता का, याचं माझ्याकडे ठाम उत्तर नाही. निभावलं, कारण आजी धडधाकट होती आणि तो तरुण डॉक्टर त्या दिवशी ड्युटीवर होता. यातलं एकही नसतं तर मी आज वेगळं काही लिहीत असते.

यंदा त्या शाळेत नववी-दहावीचे मागचे कॅटलॉग आम्ही दिवाळीआधीच काढून बसलो. हंगामाबरोबर हजेरी तुटणारी सात नावं निघाली, त्यांतली तीन मुलींची. मुली टाकीमागे सापडत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांच्या खोलीत कधी बैठक बसत नाही. त्यांतल्या एकीच्या घरी चौकशीला गेलो तेव्हा अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. तिची केस १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करण्यापासून सुरू झाली.